‘लेट यू गो’ म्हणाले आणि हे घरी येऊन झोपले : कामावरून काढण्याचे इंग्रजी शब्द कुणी समजावून सांगाल का?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी वाईची, गेली सात वर्षं इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला आहे. आमच्या घरी गेल्या आठवड्यात जे झालं ते आधी सांगते, म्हणजे प्रश्न का विचारतेय ते कळेल.

माझे मिस्टर इथल्या एका मोठ्या गोदामात रात्रपाळीला होते. सहा वर्षं चार महिने. कुठला ट्रक कुठल्या दाराला लावायचा, कुठला माल आधी उतरवायचा, हे बघायचं काम. बुधवारी रात्री दीडला मॅनेजरने आत बोलावलं. चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि म्हणाला, ‘वुई आर गोइंग टू हॅव टू लेट यू गो.’ पत्र पोस्टाने येईल असंही काहीतरी बोलला. ह्यांना दोन दिवस कणकण होती, सगळ्यांना दिसत होतं. ह्यांना वाटलं, बरं नाही म्हणून आज लवकर सोडतायत. हे ‘थँक यू’ म्हणाले, त्याच्याशी हात मिळवला आणि पावणेतीनला घरी येऊन झोपले.

गुरुवारी रात्री नेहमीसारखा डबा घेऊन गेले, तर फाटकावर पास चालेना. वॉचमन ओळखीचा. तो बाहेर येऊन हळूच म्हणाला, ‘मेट, यू हॅव बीन गिव्हन द बुलेट.’ गोळी! हे तिथे दहा मिनिटं नुसते उभे होते. डबा तसाच परत आला. मी उघडला नाही.

ह्यांचं इंग्रजी वाईट नाही. सहा वर्षं त्याच लोकांबरोबर काम केलंय. पण ‘लेट गो’ म्हणजे सोडणं, जाऊ देणं, एवढंच ह्यांना माहीत. आता जो तो भेटतो तो वेगळा शब्द बोलतो. एक म्हणतो सॅक, दुसरा म्हणतो कार्ड्स मिळाले, शेजारीण म्हणाली बूट दिला. आणि शनिवारी आलेल्या पत्रात ह्यातला एकही शब्द नाही. तिथे ‘रिडंडंट’ आहे. हे सगळं एकच आहे का? पुढच्या नोकरीच्या फॉर्मवर काय लिहायचं?

दुसरा प्रश्न त्यातूनच निघाला. मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सोमवारी सोबतची बाई रडत होती. तिच्या मुलीला त्या मुलाने ‘एल्बो’ दिला. साखरपुडा झाला होता. तीच बाई गेल्या वर्षी म्हणाली होती की भावाला कारखान्याने ‘एल्बो’ दिला. म्हणजे माणूस कामावरून काढा नाहीतर मनातून काढा, ह्यांना शब्द एकच? आपल्याकडे नोकरीतून काढलं तर नारळ दिला, डच्चू दिला. लग्न मोडलं तर काडीमोड, सोडचिठ्ठी. आपण दोन्ही वेगळं ठेवलंय असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

मला हे शब्द नीट शिकायचे आहेत. पुन्हा आमच्या घरात कुणी अशा गोष्टीला थँक यू म्हणू नये.

घोडनदीकर

ताई, फार वाईट वाटलं. मी बर्मिंगहॅमला आहे, त्यातला फार जाणकार नाही. एकच सांगतो, पी-45, म्हणजे नोकरी सुटताना मालक देतो तो कराचा कागद, आला का बघा. तो कागद नसला तर पुढच्या नोकरीत कर चुकीचा कापू शकतात. बाकी इथे एक काका आहेत, ते लिहितीलच.

जुना_कामगार

ताई, रात्री वाचलं आणि दोन वेळा उठलो. ‘लेट यू गो’ हा शब्द मला पन्नास वर्षं डाचतोय.

मी इचलकरंजीचा. वडील मागावर. 1972 च्या नोव्हेंबरात लेस्टरला आलो तेव्हा एकविसाचा होतो. मोजे-गंजिफ्रॉकच्या कारखान्यात विणायच्या मशीनवर लागलो. पुढे अठरा वर्षं शॉप स्टुअर्ड होतो, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेला युनियनचा माणूस. साहेबाने कुणाला आत बोलावलं की शेजारच्या खुर्चीत मी बसायचो. हे सगळे शब्द मी त्या खोलीत ऐकलेत.

‘कार्ड्स’पासून सुरू करतो, कारण ते मी हातात धरलेलं आहे. इथे 1911 साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून विमा लागू असलेल्या प्रत्येक कामगाराचं एक कार्ड निघालं. कार्ड मालकाच्या ताब्यात. दर आठवड्याला त्याच्यावर एक तिकीट चिकटवायचं, पोस्टाचं असतं तसंच. आजारपण, बेकारी, म्हातारपण, सगळं त्या तिकिटांवर. काम सुटलं की मालक ते कार्ड परत हातात द्यायचा. माझ्या पलीकडच्या मशीनवर एक गुजराती गृहस्थ होते, इदी अमीनने युगांडातून हाकलले तेव्हा आलेले. कंपालात त्यांचं दुकान होतं. एका शुक्रवारी पगाराच्या पाकिटाबरोबर त्यांना कार्ड मिळालं. फोरमन एक अक्षर बोलला नाही. त्यांनी कार्ड पाहिलं, कोट घातला, मशीनवरून एकदा हात फिरवला आणि गेले. तेव्हा मला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ‘गॉट हिज कार्ड्स’ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं आणि जन्मभर राहिलं. ती तिकिटं 1975 साली बंद झाली. शब्द अजून चालतो. तरुण पोरं वापरतात, त्यांनी कार्ड कधी पाहिलेलं नाही.

आता त्या जागी पी-45 आहे. घोडनदीकर बरोबर बोलले. पगारातूनच कर कापून घ्यायची पद्धत 1944 ला आली, तो कागद त्या पद्धतीतला. ‘गॉट हिज पी-फॉर्टीफाइव्ह’ म्हणजे काम गेलं. त्याचे भाग असतात. 1ए तुम्ही जपून ठेवायचा, 2 आणि 3 नव्या मालकाला द्यायचे. मिळाला नसेल तर मागा.

सॅक म्हणजे पोतं. जुना फिटर मला सांगायचा, पूर्वी कारागीर आपली हत्यारं स्वतःच्या पोत्यात भरून कामावर आणायचा, ती मालकाकडे राहायची, काम संपलं की पोतं परत. खरं-खोटं भाषेच्या माणसांनी सांगावं. लंडनकडचा एक मेकॅनिक होता, तो सॅक म्हणायच्या ऐवजी ‘टिन टॅक’ म्हणायचा. तिकडे यमक जुळवून बोलतात.

बूट म्हणजे लाथ. पुश म्हणजे ढकललं. एल्बो म्हणजे कोपराने बाजूला सारलं. चॉप म्हणजे कुऱ्हाडीचा घाव, कुऱ्हाड आपल्याकडेही कोसळते. ‘हीव-हो’ ही जहाजावरच्या खलाशांची दोर ओढतानाची आरोळी, तिच्यावरून माणूस उचलून बाहेर टाकला असं. बुलेट म्हणजे गोळीच. वॉचमनने वाईट हेतूने म्हटलेलं नाही. त्याने ‘मेट’, म्हणजे मित्रा, म्हटलं, बाहेर आला, हळू बोलला. ताई, मी तर म्हणतो त्या रात्री तुमच्या मिस्टरांशी खरं बोलणारा तो एकटाच.

कारखान्यातले हे शब्द सगळे दांडगे आहेत. पण कळतात. लाथ बसली की माणसाला कळतं लाथ बसली. ‘लेट गो’मध्ये काय होतं? जणू तुम्हीच दाराशी उभे होतात, जायला अधीर झाला होतात आणि साहेबाने मोठ्या मनाने वाट दिली. करणारा कोण ते लपतं. 1981 साली आमच्याकडे एकामागून एक कारखाने बंद पडत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन टेबिट म्हणून मंत्री होते, त्यांनी हुजूर पक्षाच्या ब्लॅकपूलच्या अधिवेशनात सांगितलं की तिसाच्या दशकात माझा बाप बेकार झाला तेव्हा त्याने दंगल केली नाही, सायकल काढली आणि काम शोधलं. ‘ऑन यूअर बाइक’ म्हणजे चालता हो, हे आधीपासून बोलायचे, पण त्यानंतर ते प्रत्येक बेकाराच्या तोंडावर मारायला लागले.

त्या वर्षी आमच्या ओव्हरलॉकच्या रांगेतली एक पंजाबी बाई आत गेली. मी शेजारी. साहेब दहा मिनिटं मंदीवर बोलला, शेवटी म्हणाला, ‘सो वुई विल बी लेटिंग यू गो.’ ती उठली, हात जोडले आणि ‘थँक यू सर’ म्हणाली. तिला वाटलं बोलणं संपलं, आता मशीनवर जा. मी तिला खाली बसवलं. साहेबाला विचारलं, ‘इज शी डिसमिस्ड? येस ऑर नो?’ तो कागद चाळत बसला. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तो ‘येस’ म्हणाला. मग ती रडली. वाईट दिसलं असेल, पण तिला तिच्या स्वतःच्या आयुष्यात काय झालं ते त्याच खोलीत कळलं. फाटकावर नाही कळलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी मी हाच प्रश्न विचारला. तुमच्या मिस्टरांसारखे थँक यू म्हणणारे मी चार-पाच पाहिलेत, ताई. त्यात त्यांची काही चूक नाही. ज्याने सांगायचं त्याने सांगितलं नाही.

आता पत्राचं. ‘रिडंडंट’ आणि ‘सॅक’ एक नाहीत. हे नीट घ्या, पैसे ह्याच्यावर आहेत. सॅक किंवा डिसमिस्ड, असं लोक म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं माणसाने काहीतरी केलं, कामात खोट होती. रिडंडंट म्हणजे माणसात खोट नाही, ते कामच उरलं नाही किंवा कमी झालं. 1965 च्या कायद्यापासून त्याची भरपाई मिळते. एका ठिकाणी दोन वर्षं भरली असली की हक्क लागू होतो. वयाप्रमाणे हिशोब: बाविशीच्या आतल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्ध्या आठवड्याचा पगार, बावीस ते चाळीस एका आठवड्याचा, वय एक्केचाळीस झाल्यापासून पुढे दीड आठवड्याचा. जास्तीत जास्त वीस वर्षं धरतात. आठवड्याच्या पगाराला सरकारी मर्यादा आहे, ती दर एप्रिलला बदलते. आणि नोटीस वेगळी. दोन वर्षांच्या पुढे दर वर्षाला एक आठवडा, बारापर्यंत.

तेव्हा फॉर्मवर ‘रिडंडन्सी’ लिहा. शेजाऱ्यांनी सॅक म्हटलं म्हणून सॅक लिहू नका. मिस्टरांचं वय किती? पत्रात आकडा दिलाय का? आणि त्यांच्या जागी कुणी नवा घेतलाय का?

जर्सीवाला

काकांनी लिहिलंय त्यात अमेरिकेतली भर घालतो. आमच्याकडे सर्वांत मऊ शब्द ‘लेड ऑफ’. पूर्वी त्याचा अर्थ काम नाही म्हणून काही दिवस घरी बसा, परत बोलावू असा होता. आता परत कुणी बोलावत नाही. ‘कॅन्ड’, ‘ॲक्स्ड’, ‘वॉकिंग पेपर्स’ (चालू लागायचे कागद) हे बोलण्यातले, सगळ्यांचा अर्थ काढून टाकलं. ‘पिंक स्लिप’, कामावरून काढल्याची गुलाबी चिठ्ठी, सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी सतरा वर्षांत गुलाबी कागद पाहिलेला नाही. मला आला तो पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. कॉलवरची बाई म्हणाली, ‘यूअर रोल हॅज बीन इम्पॅक्टेड.’ रोल! जणू मी नाही, माझी खुर्ची आजारी पडली. कॉल संपायच्या आत लॅपटॉप बंद झाला. टीममधल्या एकालाही निरोप देता आला नाही. ते मला अजून लागतं.

आपल्या मुलांसाठी एक सांगायलाच हवं. एच-1बी व्हिसावर असाल तर नोकरी सुटल्यापासून जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी, नाहीतर दुसरा व्हिसा, नाहीतर परत. त्यामुळे शेवटची तारीख कोणती हे पहिल्यांदा विचारा, बाकी सगळं नंतर. मी पहिले चार दिवस ‘इम्पॅक्टेड’चा अर्थ लावण्यात घालवले. माझ्या एका मित्राला मात्र लेखी 60 दिवसांची नोटीस आधी मिळाली. इथे 1988 चा एक कायदा आहे, शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने मोठी कपात करताना ती द्यावी लागते.

शब्दवेडी_पुणे

मी पुण्यात फ्रेंच आणि जर्मन शिकवते. कृष्णाकाठची, तुझा दुसरा प्रश्न मला फार आवडला आणि त्यावर मला थोडं भांडायचंय.

आधी सॅकचं. काकांच्या फिटरने सांगितलेली हकिकत सगळीकडे सांगतात. इंग्रजीत हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, पण फ्रेंचमध्ये त्याहून खूप जुना आहे. रँडल कॉटग्रेव्हचा फ्रेंच-इंग्रजी कोश 1611 चा. त्यात मालकाने काढलेल्या नोकराबद्दल ‘त्याला त्याचं पोतं दिलं’ हा फ्रेंच वाक्प्रचार नोंदलेला आहे. म्हणजे आपले तुकाराम महाराज लहान होते तेव्हा फ्रान्सात पोतं हातात पडत होतं.

‘फायर’ अमेरिकेतला, 1880 च्या दशकातला. ‘डिसचार्ज’ म्हणजे नोकरीतून मोकळं करणं आणि डिसचार्ज म्हणजे बंदूक उडवणंही. तिथून कुणीतरी कोटी केली, माणूस ‘फायर’ झाला. ब्रिटनमधली बुलेट त्याच बंदुकीच्या घरातली वाटते.

आता भांडण. तू म्हणतेस आपण काम आणि लग्न वेगळं ठेवलं. मग फारकत कुठून आली? मूळ शब्द फारखती, अरबी-फारसीतून आलेला. देणं-घेणं मिटलं, आता तुझं माझ्याकडे काही नाही, असा लेखी मुक्ततेचा कागद. सावकार कुळाला द्यायचा, भागीदार भागीदाराला द्यायचा. तोच कागद नवरा-बायकोत आला आणि शब्दही तिथेच राहिला. सोडचिठ्ठी बघ. सोडल्याची चिठ्ठी! इंग्रजीतल्या वॉकिंग पेपर्सची सख्खी बहीण. जर्मनमध्ये हेच अगदी स्वच्छ दिसतं. सैन्यातून सुटलेल्या शिपायाला एक परवाना मिळायचा, ‘लाउफपास’. आज जर्मन मुलगी म्हणते, मी त्याला लाउफपास दिला, म्हणजे त्याला सोडलं. शिपायाचा कागद प्रियकराच्या हातात.

नाव पुसायचं तर कागद लागतो, मग ते हजेरीपटावरचं असो की घरातलं. म्हणून शब्द इकडून तिकडे जातात असं मला वाटतं. पण तुझं अर्धं बरोबर आहे. काडीमोड आणि घटस्फोट ह्यांत कागद नाही, मोडणं-फोडणं आहे. जातीपंचायतीसमोर काडी मोडायची. घटस्फोट तर मुळात माणसाला जातीबाहेर टाकताना घडा फोडायचा विधी, मागून तो शब्द विवाहाला लागला. ह्यांतलं कुठलंच नोकरीकडे गेलं नाही.

आणि नारळाबद्दल, मला तो शब्द इंग्रजांच्या सगळ्या शब्दांहून चांगला वाटतो. आपण निरोप देताना हातावर नारळ ठेवतो, माहेरवाशिणीला ओटीत घालतो. काढताना का होईना, हातात शुभ वस्तू आहे. नाहीतर मग ‘अर्धचंद्र’ आहेच. अंगठा आणि तर्जनी ताणून हात मानेवर धरला की चंद्रकोर होते. गचांडी धरून बाहेर, फक्त संस्कृतात.

लीड्सची_पोर

मी इथेच जन्मले, आई-बाबा चिपळूणचे. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सांभाळून घ्या. ताई, नात्यांचे शब्द मी सांगते, कारण ते चुकले तर समोरच्याला खूप लागतं.

‘डम्प’ आणि ‘चक’ म्हणजे टाकून दिलं. ‘बिन्ड’ म्हणजे कचऱ्याच्या डब्यात. ‘पाइड’ आमच्या वयाची मुलं बोलतात, म्हणजे झिडकारलं. ‘घोस्ट’ म्हणजे काही न सांगता गायब, फोन नाही, मेसेज नाही. हे सगळे शब्द मुलगी स्वतःबद्दल बोलू शकते. ‘आय गॉट डम्प्ड’ असं माझ्या मैत्रिणी हसतसुद्धा म्हणतात, कधी कधी ते हसणं रडण्याच्या आधीचं असतं. पण दुसऱ्याने तिच्या तोंडावर ‘यू गॉट डम्प्ड’ म्हणायचं नाही. तुमच्या सोबतच्या बाईंना तुम्ही ‘आय ॲम सो सॉरी टू हिअर दे हॅव स्प्लिट अप’ एवढंच म्हणा. त्यात कुणी कुणाला टाकलं ते येत नाही. लग्न ठरलेलं मोडलं तर ‘द वेडिंग इज ऑफ’. ‘जिल्टेड’ म्हणजे लग्नाचं वचन देऊन ऐन वेळी सोडलेली, तो शब्द पेपरात चालतो, घरात नको.

माझी आजी अजून ‘टाकलेली’ म्हणते. इथे डम्प्ड म्हणतात. दोन्हीचा अर्थ तोच ना? पण इथे मुलगाही डम्प्ड होतो. मराठीत ‘टाकलेला’ मी कधी ऐकलं नाही.

शब्दवेडी_पुणे

लीड्सची पोर, तुझं मराठी अजिबात कच्चं नाही. शेवटची ओळ मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

जिल्टवरून आठवलं, इंग्लंडात लग्नाचं वचन मोडलं म्हणून कोर्टात दावा लावता यायचा. 1970 च्या कायद्याने ते काढून टाकलं, 1971 पासून बंद. म्हणजे काका लेस्टरला उतरले त्याच्या थोडंच आधी.

‘डिअर जॉन’ही राहिलं. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या अमेरिकन शिपायांना घरून प्रेयसीची किंवा बायकोची पत्रं यायची, मी दुसऱ्या कुणाबरोबर आहे अशी. डार्लिंगच्या जागी कोरडं ‘डिअर जॉन’ वाचलं की पुढचं वाचायला नको.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघांनी सगळं वाचलं. हे काहीच बोलले नाहीत, फक्त पंजाबी बाईंचं जिथे आहे तिथे मला परत वाचायला सांगितलं.

काका, वय 38. पत्रात नोटिशीचे सहा आठवडे लिहिलेत आणि त्या दिवसांत ‘गार्डन लीव्ह’ असं आहे. भरपाईचा आकडा नाही. एकूण चौघांना काढलंय. जागी नवा माणूस घेतलाय का, तर वॉचमन म्हणाला की सोमवारपासून ह्यांच्याच टेबलावर एजन्सीचा एक पोरगा बसतोय, त्याला ट्रकचं तेच काम दिलंय. मंगळवारी सकाळी 11 ला बोलणी करायला बोलावलंय. कुणी सोबत नेता येतं का?

लीड्सच्या ताई, मी आज तेच वाक्य म्हटलं. त्या बाईने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी बटाटे सोलत बसलो.

जुना_कामगार

गार्डन लीव्हला घाबरू नका. नोटिशीचे दिवस कामावर यायचं नाही, पण पगार पूर्ण. कागदावर अजून नोकर तुम्हीच. सहा वर्षांना सहा आठवडे, तो हिशोब बरोबर आहे. भरपाई 38 वयाला सहा पूर्ण वर्षांची म्हणजे सहा आठवड्यांचा पगार, नोटिशीच्या वर. चार महिने धरत नाहीत. आणि हा पैसा 30,000 पौंडांच्या आत असला की त्यावर कर नाही. आकडा लेखी मागा.

एजन्सीच्या पोराचं मात्र मोठं आहे. रिडंडन्सी म्हणजे कामाची गरज संपली किंवा कमी झाली. तेच काम, तेच टेबल, दुसरा माणूस, तर मग संपलं काय? हे मंगळवारी विचारायचं. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त विचारायचं आणि काय उत्तर मिळतं ते लिहून घ्यायचं. वॉचमनचं नाव कुठेही घेऊ नका, त्याच्या पोटावर येईल. चौघेच आहेत, वीस असते तर कामगारांच्या प्रतिनिधींशी आधी तीस दिवस चर्चा करावी लागली असती. चौघांनाही आधी बोलावून विचारविनिमय करायला हवा होता, थेट रात्री दीडला निकाल सांगायला नको होता. तेही विचारा.

सोबतीचं असं आहे. शिस्तभंगाच्या बैठकीत सोबती न्यायचा कायद्याने हक्क आहे. रिडंडन्सीच्या बोलण्यात तसा सरसकट हक्क नाही, पण आधी लेखी विचारा, पुष्कळ ठिकाणी हो म्हणतात. नाही म्हणाले तरी विचारल्याचा कागद राहतो. युनियनमध्ये असतील तर आजच कळवा, नसतील तर एकास नावाची सरकारी संस्था आहे, तिचा सल्ला फुकट मिळतो. बैठकीच्या आत फोन करा.

आणि मिस्टरांना सांगा, मऊ शब्द आला की थांबवायचं. ‘लेट गो’, ‘मूव्ह ऑन’, ‘रीस्ट्रक्चर’, काहीही असो. विचारायचं, ह्याचा अर्थ मला काढलं असा आहे का, कुठल्या कारणाने, आणि शेवटचा दिवस कुठला. तीन प्रश्न इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून खिशात ठेवायचे. बघून वाचले तरी चालतं. मी अठरा वर्षं बघूनच वाचत होतो.

कृष्णाकाठची

लिहिले. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला जाड कागद घेतला, तिनेच मोठ्या अक्षरांत काढून दिले. हे स्वयंपाकघरात उभे राहून म्हणून बघतायत. दुसऱ्या प्रश्नाला अजून अडखळतात. मंगळवारी दुपारी इथे लिहीन.

जुना_कामगार

लिहा. मी दुपारभर इथेच आहे.